फॉर्च्युनर घरी दोन इंच खाली करायची आहे? आधी बम्प स्टॉपची जागा मोजा

विचारलं आहे ते थोडक्यात असं. गाडी 2018 ची फॉर्च्युनर, डिझेल, 4×2. एक्स्प्रेसवेवर लेन बदलताना डोलते, घरातल्या वयस्कर मंडळींना चढायला उंच पडते, आणि दिसायलाही थोडी बसकी हवी आहे. ओळखीच्या मिस्त्रीचं म्हणणं, "चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापू, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा." वेढा कापला तर चालेल का, आणि हे काम घरच्या पार्किंगमध्ये होईल का?

वेढा कापू नका. दोन इंच, म्हणजे 50 मिमी, या गाडीला जास्त होतात. 30 ते 35 मिमीपर्यंत जायला हरकत नाही आणि त्यातलं बरंचसं काम घरी होतं. फक्त पुढची स्प्रिंग दाबून शॉकअपवरून उतरवायचा भाग घरी करायचा नाही, तो का ते पुढे येईलच.

तुमची तीन कारणं आधी वेगळी करू, कारण तिन्हींचा इलाज एक नाही. चढण्याचा त्रास 30 मिमीने कमी होत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढा फरक जाणवतही नाही. त्यांच्यासाठी रुंद, न घसरणारा साइड स्टेप हवा आणि आत दाराच्या खांबावर धरायला मूठ हवी. फॉर्च्युनरला साइड स्टेप असतो, पण पावसाळ्यात तो गुळगुळीत होतो. त्यावर खरबरीत पट्टी चिकटवली की निम्मी तक्रार संपते.

डोलण्याबद्दल सांगायचं तर गाडीने लाखभर किलोमीटर केले असतील तर दोष उंचीचा नसून शॉकअपचा असण्याची शक्यता मोठी आहे. चारही शॉकअप तेलाने ओलसर आहेत का बघा. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का तपासा. अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारी आडवी दांडी, तिच्या लिंक हाताने हलवून ढिल्या वाटतात का पाहा. नवे चांगले शॉकअप आणि लिंक टाकल्यावर अनेकांचा गाडी खाली करायचा विचारच मागे पडतो. तरीही गाडी खाली आणल्याने फायदा होतो, हे मान्य करायला हवं. उलटण्याला गाडी किती टिकेल याचा ढोबळ अंदाज दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट असा काढतात. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था 2001 च्या मॉडेलांपासून हाच आकडा गाड्यांना गुण देताना वापरत आली आहे. चाकांतलं अंतर 1.54 मीटर आणि गुरुत्वमध्य 75 सेंटिमीटरवर धरला तर उत्तर 1.03 येतं. गाडी 35 मिमी खाली आणली की 1.08. म्हणजे पाचेक टक्के. वाईट नाही, पण खंबाटकीच्या वळणावर गाडी वेगळीच भासेल इतकंही नाही.

राहिलं दिसणं. त्यासाठी करायचं असेल तर सरळ तसं म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त मग मिमीच्या हिशेबात स्वतःलाच फसवू नका.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. रस्त्यावर स्प्रिंग मोजायला कोणी उभं नसतं, हे खरं. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो, आणि कापलेलं स्प्रिंगचं टोक त्याला लगेच दिसतं. विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि आरटीओत विचारा. हे टाळून पुढे जायचं असेल तर ती जोखीम सर्वस्वी तुमची.

आता मुख्य मुद्दा. गाडी किती खाली करायची हे ठरवताना बहुतेक जण टायर आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी बघतात. मी तिकडे शेवटी बघतो. आधी बघायचा तो बम्प स्टॉप. गाडी पूर्ण दबल्यावर ॲक्सल किंवा चाक धरणारा आर्म चासीवर आदळू नये म्हणून बसवलेला हा रबरी ठोकळा. उभ्या गाडीत त्याच्या टोकापासून समोरच्या लोखंडापर्यंत जे अंतर असतं तेवढाच खड्डा तुमचं सस्पेन्शन गिळू शकतं. स्प्रिंग आखूड केली की तेच अंतर कमी होतं. ते संपलं की सस्पेन्शन उरत नाही, रबरावर उभी केलेली बैलगाडी उरते.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी मोजा. सपाट जागेवर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर करा, टाकी निम्मी ठेवा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा आकडे बिघडवतात. मग गाडीखाली टॉर्च धरून चारही बम्प स्टॉपच्या फटी मोजा. हे सगळं एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा सात माणसं व सामान भरून करा. शेजारच्या मुलांना मागच्या सीटवर बसवा, ती आनंदाने बसतील.

समजा मागची फट रिकाम्या गाडीत 90 मिमी आहे आणि भरल्यावर 45 उरते. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घ्या. मूळच्याच ताकदीची पण 35 मिमीने बसकी स्प्रिंग टाकली तर भरलेल्या गाडीत 10 मिमी उरतील. पहिल्याच गतिरोधकावर मागच्यांची डोकी छताला लागतील. स्प्रिंग 25 टक्के कडक घेतली तर वजनाने बसणं 45 ऐवजी 36 होतं आणि 90 वजा 35 वजा 36, म्हणजे 19 मिमी हातात राहतात. तेही थोडेच, पण आखूड आणि मऊ सुरुवातीचा बम्प स्टॉप बसवून निभतं. त्याच कडक स्प्रिंगवर 50 मिमी खाली गेलात तर चार मिमी. वर 50 ला नको म्हणालो ते या वजाबाकीमुळे. गाडी कायम दोनच माणसं वापरत असती तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं, पण तुमच्या घरात वयस्कर मंडळी आहेत, म्हणजे देवदर्शनाला सात जण आणि सामान हे ठरलेलं.

लोक इथे जमिनीपासूनच्या उंचीत हमखास गोंधळतात. फॉर्च्युनरला मागे सलग ॲक्सल आहे. त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा, गोळा चाकांबरोबर असतो, चासीबरोबर नाही. स्प्रिंग कितीही बदला, त्या गोळ्याची जमिनीपासूनची उंची तीच राहते, कारण ती टायर ठरवतो. खाली येतं ते गाडीचं पोट: पुढची क्रॉसमेंबर, तिच्याखालचा पत्रा, सायलेन्सर, साइड स्टेप. दोन ॲक्सलमधलं अंतर 2745 मिमी आणि पोटाची उंची 220 धरली तर मधला उंचवटा ओलांडायचा कोन 18 अंशांच्या आसपास येतो, 185 ला तो साधारण 15 वर उतरतो. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा, तसल्यावर 185 ला काही लागणार नाही. पण गावाबाहेर कोणीतरी रात्रीतून घातलेला अरुंद डांबरी बंधारा कुठल्या मानकात बसतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक आणि सोसायटीच्या तळघराचा रॅम्प, या दोन्हींवर आत्ताच किती जागा सुटते ते बघून ठेवा.

मिस्त्रीच्या वेढ्याकडे येऊ. स्प्रिंगमधला प्रत्येक वेढा सारखंच वजन पेलतो आणि सारखाच दबतो. म्हणून एक वेढा काढला की स्प्रिंगची उंची त्या वेढ्याच्या दबलेल्या उंचीइतकी कमी होते. समजा ती 35 मिमी. मागे स्प्रिंग जवळजवळ थेट ॲक्सलवर उभी असते, त्यामुळे तिथे गाडी साधारण 35 मिमी खाली येईल. पुढे मात्र डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, अशी रचना आहे आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर चाकापासून बरीच आत टेकलेली असते. चाक 20 मिमी सरकतं तेव्हा स्प्रिंग 11-12 मिमीच सरकते. म्हणून पुढे तोच एक वेढा चाकापाशी 60 मिमीच्या पुढे जातो. "चारही एकेक वेढा" म्हणजे नाक जमिनीला टेकलेली गाडी. हे माहीत असलेला मिस्त्री एकेक वेढा म्हणणार नाही.

कापण्यात दुसरा घोळ कडकपणाचा. आठ कार्यरत वेढ्यांचे सात झाले की स्प्रिंग 14 टक्के कडक होते. थोडा कडकपणा हवाच होता, पण तो तुम्ही निवडलेला नसतो, कापण्यातून पदरात पडलेला असतो. तिसरा आणि गंभीर घोळ म्हणजे मोकळेपण. गाडी उचलली किंवा गतिरोधकावरून उडाली की ॲक्सल शॉकअपच्या लांबीपर्यंत खाली लोंबतो. मागची स्प्रिंग वरच्या आणि खालच्या सीटमध्ये नुसती अडकलेली असते, बोल्टने बांधलेली नसते. ती आखूड झाली तर लोंबकळताना सैल होते आणि परत दबताना तिरकी बसू शकते. शिवाय मूळ स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत बसेल असं वळवलेलं असतं. ग्राइंडरने कापलेलं टोक तिथे धारेवर टेकतं आणि रंग गेलेल्या जागी गंज धरून वर्षा-दोन वर्षांत स्प्रिंग तिथूनच तुटू शकते.

गॅसने तापवून स्प्रिंगची उंची कमी करणारेही अजून आहेत. स्प्रिंगचं पोलाद कडक करून मग ठरावीक उष्णतेवर मुरवलेलं असतं. ते स्पष्ट लाल दिसायला लागतं तेव्हा तापमान 700 अंशांच्या आसपास पोहोचलेलं असतं आणि मुरवण्याची सगळी मेहनत तिथेच वाया जाते. अशी स्प्रिंग महिनाभरात आणखी बसते, तीही डावी-उजवीकडे वेगवेगळी. यावर जास्त लिहायची गरज नाही. करू नका.

काय घ्यायचं? तुमच्या गाडीसाठी बनवलेला, 30 मिमीच्या आसपास खाली आणणारा चार स्प्रिंगांचा संच. घेताना फक्त "किती खाली" विचारू नका. किती कडक, भरलेल्या मागच्या ॲक्सलवर किती वजन धरून बनवली आहे, आणि पूर्ण लोंबकळताना सीटमध्ये घट्ट राहते का, हे विचारा. विक्रेत्याला ही उत्तरं देता येत नसतील तर दुसरा विक्रेता शोधा. शॉकअपबद्दल माझं मत ठाम आहे: मूळ शॉकअप जुने असतील तर सोबतच बदला. स्प्रिंग 25 टक्के कडक झाली की तिला आवरायला शॉकअप सुमारे 12 टक्के जास्त ताकदीचा लागतो. थकलेला शॉकअप आणि कडक स्प्रिंग ही जोडी मूळ गाडीपेक्षाही वाईट डोलते, आणि तुम्ही डोलणं घालवायलाच निघाला आहात. वर लागणारं रबर, बम्प स्टॉप, लिंक, सगळे लॉक नट आणि स्प्लिट पिना नव्या घ्या.

जागा आणि अवजारं. पक्की, सपाट काँक्रीटची जागा हवी. पेव्हर ब्लॉक किंवा उन्हात मऊ झालेलं डांबर नको, तिथे घोडीचे, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडचे, पाय रुततात. गाडी रिकामी दोन टनांच्या आसपास आहे, म्हणून तीन टनी ट्रॉली जॅक आणि तीन टनी चार घोड्या. डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. विटा, लाकडी ठोकळे, काँक्रीटचे ब्लॉक यांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. काँक्रीटचा ब्लॉक तडा न दाखवता एकदम फुटतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही, तो मागच्याच चाकांना धरतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावा. काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवा. आणि एकट्याने करू नका, कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातली किंवा समुद्रकाठची गाडी असेल तर दोन-तीन रात्री मारा.

मागून सुरुवात करा, ते सोपं आहे. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल करा. गाडी उचलून घोड्या चासीखाली लावा, ॲक्सलखाली नाही, कारण ॲक्सल तर तुम्हाला खाली सोडायचा आहे. आता ट्रॉली जॅक डिफरन्शियलखाली लाकडी फळी ठेवून नुसता टेकवा. अँटी-रोल बारच्या लिंक सोडा. लॅटरल रॉड, म्हणजे ॲक्सलला चासीशी आडवी धरून ठेवणारी दांडी, तिचं एक टोक सोडा, नाहीतर ॲक्सल खाली येताना एका बाजूला ओढला जातो. मग शॉकअपचे खालचे बोल्ट. यानंतर जॅक इंचाइंचाने खाली आणा आणि दर इंचाला थांबून तीन गोष्टी बघा: चासीकडून ॲक्सलकडे येणारा ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल. यातलं काहीही ताणलं जात असेल तर त्याचं ब्रॅकेट सोडा. पाइप ताणून स्प्रिंग काढण्याची घाई केलीत तर चिरलेला पाइप आज दिसणार नाही, एखाद्या घाटात दिसेल.

स्प्रिंग सैल झाली की हाताने निघते. जोर लावायला लागत असेल तर ॲक्सल अजून पुरेसा खाली आलेला नाही. पहार घालू नका. वरच्या सीटचं रबर साफ करून बघा, चिरलं असेल तर बदला. नवी स्प्रिंग घालताना खालच्या टोकाची खाच आणि सीटचा अडथळा जुळवा. डाव्या-उजव्याची अदलाबदल होऊ देऊ नका, अनेक गाड्यांत दोन बाजूंच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात आणि रंगाच्या ठिपक्यावरून ओळखतात. नवा बम्प स्टॉप आत्ताच बसवा, स्प्रिंग आत गेल्यावर हात जात नाही. मग ॲक्सल वर घ्या, शॉकअप, रॉड, लिंक जोडा. बोल्ट हाताने बसवून नुसते लागते करा. पक्कं कसून शेवटचा ताण अजून द्यायचा नाही.

पुढचं काम अवघड नाही, पण धोका तिथेच आहे. फॉर्च्युनरला पुढे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते आणि वरच्या टोकाला एका मधल्या नटने दाबून धरलेली असते. अख्खा संच चासीला वरून तीन नटांनी आणि खालच्या आर्मला एका लांब बोल्टने धरलेला असतो. तुम्हाला सोडायचे ते हे तीन आणि तो एक. मधल्या नटाला गाडीवर असताना किंवा घरी अजिबात पाना लावायचा नाही. हिशेब करून बघा: दर मिमीला 100 न्यूटन लागणारी स्प्रिंग संचात 80 मिमी दाबून बसवली असेल तर तिच्यात 320 जूल साठलेले असतात, म्हणजे 32 किलोचं वजन मीटरभरावरून सोडल्याइतके. तो नट सुटला तर हे सगळं एका क्षणात तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येतं. बाजारात मिळणारे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर या जाड स्प्रिंगांवर सरकतात. संच गाडीतून काढा, ज्याच्याकडे भिंतीला किंवा स्टँडला पक्का बसवलेला स्प्रिंग प्रेस आहे अशा वर्कशॉपला घेऊन जा, जुनी-नवी स्प्रिंग तिथे बदलून घ्या. वरच्या माउंटवर आणि शॉकअपवर खडूने एकमेकांसमोर खूण करून न्या, म्हणजे परत बसवताना तीन बोल्ट भोकांशी जुळतील.

संच काढताना दोन्ही बाजूंच्या अँटी-रोल बारच्या लिंक सोडा, एकच सोडली तर बार आर्मला ढकलत राहतो. ब्रेक पाइप आणि एबीएस वायरचे क्लिप सोडा. मग खालचा बोल्ट, मग वरचे तीन नट. आर्म पुरेसा खाली जात नसेल तर वरचा बॉलजॉइंट सोडावा लागतो. त्याची स्प्लिट पिन जुनी परत वापरू नका, आणि सुटा झालेला नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) व ब्रेकचा कॅलिपर तारेने चासीला बांधून ठेवा, पाइपवर लोंबू देऊ नका. खालचा आर्म चासीला धरणारे जे खूण असलेले बोल्ट आहेत, त्यांना हात लावू नका. त्यांच्या चकत्यांचं भोक मध्यावर नसतं आणि चाकाचा कल त्यांनीच बसवलेला असतो. ते अलाइनमेंटवाल्याचं काम.

आता राखून ठेवलेला ताण. चाकं लावा, गाडी खाली आणा, पार्किंगमध्ये थोडी पुढे-मागे करा, चारही कोपरे दाबून सोडा. सस्पेन्शन नव्या उंचीवर बसलं की मगच बुश (रबर भरलेली नळी) असलेले सगळे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर कसा: शॉकअपचे खालचे, लॅटरल रॉडचे, पुढचा लांब बोल्ट. खाली हात जात नसेल तर चारही चाकं सारख्या जाडीच्या पक्क्या फळ्यांवर चढवा. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी अधांतरी असताना बोल्ट कसला तर जमिनीवर आल्यापासून ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत जगतं आणि काही महिन्यांत फाटतं. "गाडी खाली केली आणि बुश गेले" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, दोष नव्या स्प्रिंगचा नसतो.

लॅटरल रॉडबद्दल बरीच भीती घातली जाते, की गाडी खाली केली की मागचा ॲक्सल बाजूला सरकतो. सरकतो, पण किती? रॉड 900 मिमी लांब आणि मूळचा जवळपास आडवा असेल तर 35-40 मिमी खाली आल्यावर सरकणं एक मिमीच्या आत राहतं. मूळचा उतार बराच असेल तरी अडीच-तीन मिमी. या उंचीला ॲडजस्टेबल रॉडवर पैसे घालू नका. कोणी 75-100 मिमी खाली जात असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याला आपण आधीच नको म्हटलं आहे.

अलाइनमेंट मात्र त्याच दिवशी करा. पुढची चाकं वरून आत कलतात आणि टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, तोही बदलतो. टो चुकीचा राहिला तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होते, आणि 265 रुंदीचे टायर स्वस्त नाहीत. हेडलाइटही तपासा. मागची बाजू पुढच्यापेक्षा 20 मिमी जास्त बसली तर झोत 50 मीटरवर 36 सेंटिमीटर वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत. उंचीनुसार झोत आपोआप बसवणारा सेन्सर असेल तर त्याचा शून्य सर्व्हिस सेंटरमध्ये पुन्हा बसवून घ्यावा लागतो. कॅमेरा-रडारवाल्या नव्या गाड्यांत तेही परत बसवायला हवं. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजन ओळखून मागचा ब्रेकदाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी खाली आली की त्याला गाडी भरल्यासारखी वाटते आणि तो मागे जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत, ओल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तो व्हॉल्व्ह असेल तर मॅन्युअलप्रमाणे त्याची दांडी पुन्हा लावून घ्या.

दुसऱ्या गाड्यांबद्दलही इथे विचारणा होते, म्हणून थोडक्यात. जुनी टाटा सफारी, तवेरा, पजेरो एसएफएक्स यांना पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सरळ दांडी, आहे. तिथे एक बोल्ट सैल केला की नाक खाली येतं, म्हणून सगळ्यांना हात शिवशिवतो. बोल्टावर रंगाची खूण करा, किती वेढे फिरवले ते लिहून ठेवा, फिरवण्याआधी पुढची बाजू उचलून बारवरचा भार काढा. स्प्रिंगचा कडकपणा यात बदलत नाही, बम्पची फट मात्र तेवढीच घटते, म्हणजे आधीची वजाबाकी इथे अजून कडक लागू होते. मागे पाटे असतील तर एक पाटा काढून गाडी बसवू नका, वजन वाहायचं काम तोच करत असतो. एअर सस्पेन्शनच्या गाड्यांत उंचीच्या सेन्सरची दांडी बदलून गाडी फसवता येते, पण तिच्याखाली शिरण्याआधी घोड्या लावाच. कॉम्प्रेसरने हवा सोडली की गाडी सांगून खाली येत नाही. हॅरियर किंवा एक्सयूव्ही 700 सारख्या बिनचासीच्या गाड्यांची पुढची रचना वेगळी आहे, वर लिहिलेले पुढचे आकडे त्यांना लावू नका.

शे-दोनशे किलोमीटर झाले की चाकांच्या नटांसकट सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप परत घ्या. नवी स्प्रिंग सुरुवातीला पाचेक मिमी बसते, ते चालतं. डाव्या-उजव्यात त्याहून जास्त फरक दिसला तर बहुधा टोक खाचेत बसलेलं नाही, परत उघडा. मग एकदा गाडी पूर्ण भरून त्या तुमच्या वाईट गतिरोधकावरून सावकाश न्या आणि घरी आल्यावर बम्प स्टॉपचं टोक बघा. आधी त्यावर खडू फासून ठेवा. खडू थोडा पुसला असेल तर ठीक. चकाकेपर्यंत पुसला असेल तर मागच्या जोडीला आणखी कडक स्प्रिंग लागेल, किंवा 10 मिमी वर यावं लागेल. काढलेल्या मूळ स्प्रिंगांवर डावी-उजवी लिहून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने मूळ स्थिती मागितली तर त्याच लागतील.